घरातले जुने घड्याळ आणि घरातले ज्येष्ठ

वाचकहो, वडीलधाऱ्यांच्या कपाटात, एखाद्या पत्र्याच्या डबीत किंवा रुमालाच्या घडीत ठेवलेले मनगटी घड्याळ आपल्याकडे पुष्कळ घरांत सापडते. कधी ते चालू असते, कधी वर्षानुवर्षे बंद. काच चरे पडून धुरकट झालेली असते आणि पट्टा दोन-तीन वेळा बदललेला असतो. घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत मुले विचारतात, "बाबा, याचे आता काय करायचे?" आणि उत्तर ठरलेले असते, "राहू दे." घड्याळांचा शौक म्हणून संग्रह करणाऱ्यांचेही असेच असते. अनेक घड्याळांची देवघेव करणाऱ्या माणसाकडेही एखादे घड्याळ असे असते, की ते तो कोणत्याही भावाला देत नाही. पुष्कळदा ते त्याच्या संग्रहातले सर्वांत महाग घड्याळ नसतेच.

ज्येष्ठ रुग्णांची नाडी पाहण्यासाठी मनगटावर बोटे ठेवताना त्या मनगटावरचे घड्याळही मला रोज दिसते. इतक्या वर्षांच्या अनुभवातून माझे एक मत झाले आहे. हे न विकलेले घड्याळ ज्येष्ठांच्या काळजीचाच एक भाग आहे. त्यावरून प्रकृतीविषयी काही गोष्टी कळतात, दिनचर्येला आधार मिळतो आणि ते न विचारता हलवले तर माणूस आतून हलतो. म्हणूनच हा लेख ज्येष्ठांसाठी आहे, तसाच त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे.

ते घड्याळ आले कोठून?

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीच्या तारुण्यात मनगटी घड्याळ ही सहज मिळणारी वस्तू नव्हती. स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतरची काही वर्षे आपल्याकडे प्रामुख्याने स्विस घड्याळे येत. १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव जुन्या मंडळींना आजही आठवते. पुढे १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. 'एचएमटी' ही तीन अक्षरे मग घराघरांत पोहोचली. जनता, पायलट, सोना, जवान, कोहिनूर, कांचन ही मॉडेलांची नावे वडीलधाऱ्यांपुढे उच्चारून पाहा, चेहऱ्यावर काहीतरी उमटते.

घड्याळ घेणे हा तेव्हा प्रसंग असे. मॅट्रिक झाल्याबद्दल वडिलांनी दिलेले, पहिल्या पगारातून घेतलेले, लग्नात जावयाला म्हणून सासऱ्यांनी मनगटावर बांधलेले, किंवा निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी दिलेले. म्हणजे आयुष्यातला एकेक उंबरठा ओलांडताना ते हाती आलेले असे. ऐंशीच्या दशकात टायटन आली, सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे स्वस्त झाली आणि चावीची घड्याळे मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ज्यांनी आपले एचएमटी जपून ठेवले होते, त्यांच्यासाठी त्या बातमीने त्याचे मोल आणखी वाढवले.

विकावेसे का वाटत नाही?

'आजोबा हट्टी आहेत' एवढ्यावर हा प्रश्न सोडून देऊ नये. माणूस आपल्या वस्तूला इतका का जपतो, याचा मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. डॅनियल कानेमान, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि ते किती किमतीला विकाल, असे विचारले. ज्यांच्याकडे मग नव्हते, त्यांना ते किती किमतीला घ्याल, असे विचारले. मग हाती आलेल्यांनी घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट किंमत मागितली. काही मिनिटांपूर्वी आपला झालेला मग जर इतका मौल्यवान वाटतो, तर चाळीस-पन्नास वर्षे मनगटावर राहिलेल्या घड्याळाविषयी काय वाटत असेल, याची कल्पना करा.

अमेरिकन अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ च्या आपल्या लेखात 'विस्तारित स्व' अशी कल्पना मांडली. माणसाचे 'मीपण' त्याच्या शरीरापाशी संपत नाही, ते त्याच्या वस्तूंमध्येही पसरलेले असते. म्हातारपणी नोकरी, पद, मित्र, जोडीदार, दृष्टी, चालण्याची ताकद असे एकेक हातून सुटत जाते. अशा वेळी हाती उरलेली जुनी वस्तू 'मी कोण होतो' याची साक्ष देते. ती विकायला सांगणे म्हणजे साक्षीदाराला घराबाहेर काढण्यासारखे वाटते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. हॉलिवूडचे अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. मोटारशर्यतींचा नाद असलेल्या न्यूमन यांच्यासाठी त्या घड्याळाच्या पाठीवर त्यांच्या पत्नीने 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. तुमच्या घरातल्या घड्याळाच्या पाठीवर कदाचित काहीच कोरलेले नसेल. पण तशीच एखादी ओळ तुमच्या आई-वडिलांच्या मनात असू शकते. ती विचारल्याशिवाय कळत नाही.

पट्ट्याची भोके पाहा

आता थोडे वैद्यकीय. रोज घड्याळ बांधणाऱ्या माणसाच्या चामडी पट्ट्यावर नेहमीच्या भोकापाशी वळ पडलेला असतो. तो वळ एका भोकावर आणि बक्कल आता दुसऱ्याच भोकात, असे दिसले तर कारण शोधावे. घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकू लागले असेल, तर वजन किंवा स्नायू घटत असण्याची शक्यता असते. ज्येष्ठांचे वजन हळूहळू उतरते तेव्हा रोज पाहणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही. जेवण कमी होणे, दातांचा त्रास, नैराश्य, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा विकार, क्षयरोग, कर्करोग अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. उलट पट्टा घट्ट होऊन वळ उमटू लागला, तर सूज, सांध्यांचा दाह किंवा वाढलेले वजन यांचा विचार करावा लागतो. पट्ट्यावरून निदान होत नाही. मात्र वजनकाट्यावर उभे राहण्याची आणि डॉक्टरांना भेटण्याची वेळ झाली आहे, हे त्यावरून नक्की कळते.

सेकंदकाटा असलेल्या घड्याळाचा आणखी एक उपयोग आहे. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १७०७ मध्ये घड्याळाच्या साहाय्याने नाडी मोजण्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून नाडी आणि घड्याळ यांची सोबत आहे. तुम्हीही घरी नाडी पाहू शकता. पाच मिनिटे शांत बसा. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच ठेवा आणि सेकंदकाट्याकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके सर्वसाधारणपणे योग्य मानतात. काही औषधांनी ते कमीही होतात. आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा आहे. ठोके कधी जवळ, कधी लांब, असे पूर्णपणे अनियमित पडत असतील तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा. अशा अनियमिततेमागे 'एट्रिअल फिब्रिलेशन' असू शकते. त्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो आणि वेळीच उपचार केल्यास तो कमी करता येतो. अनियमितपणाबरोबर चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप असेल, तर थांबू नये, त्वरित रुग्णालय गाठावे.

चावी देण्याचा नेम

चावीचे घड्याळ पूर्ण चावी दिल्यावर साधारणपणे दीड दिवस चालते. म्हणून रोज ठरावीक वेळी चावी द्यावी लागते. हा दोन मिनिटांचा नेम ज्येष्ठांच्या दिवसाला चांगला टेकू देतो. सकाळची गोळी विसरणाऱ्या रुग्णांना मी सांगतो, की घड्याळाच्या डबीशेजारीच गोळ्यांची डबी ठेवा. आधी चावी, लगेच गोळी. जुन्या, मुरलेल्या सवयीला नवी सवय जोडली की ती लवकर अंगी लागते.

हा नेम मोडू लागला तर त्याकडेही लक्ष द्यावे. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत चावी फिरवताना दुखत असेल, तर अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज झालेली असू शकते. बोटे मंदावली असतील, हात थरथरत असेल, तर कंपवाताची तपासणी करावी. तबकडी नीट दिसत नसेल, तर मोतीबिंदू किंवा डोळ्याचा अन्य विकार पाहावा. आणि चाळीस वर्षे न चुकता चावी देणारा माणूस चावी द्यायची विसरू लागला, काटे पाहूनही किती वाजले ते सांगताना अडखळू लागला, तर ते 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नये. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत आम्ही रुग्णाला कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतो. त्या साध्या दिसणाऱ्या कामाला स्मृती, नियोजन आणि जागेचे भान या तिन्हींची गरज असते. ही चाचणी घरी घेऊन निष्कर्ष काढू नका. जे दिसले ते तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

हाताने जमत नसेल, तर नातवंडाला ते काम द्या. "आजोबा, आज चावी मी देतो," या वाक्याने सकाळ चांगली सुरू होते. चावी फिरताना अडली की तेथेच थांबायचे, जोर लावायचा नाही, हे नातवंडाला आजोबांनीच शिकवावे.

रुग्णालयात घड्याळ बरोबर असू द्या

ज्येष्ठ रुग्ण दाखल होताना दागिन्यांबरोबर घड्याळही काढून नातेवाइकांच्या हाती देतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण पुढे दोन-तीन दिवस दिवस-रात्र सारखाच उजेड, सतत बदलणारी माणसे, मोडलेली झोप यांत रुग्णाचे काळाचे भान सुटू शकते. मग ते मध्येच उठून "घरी चला" म्हणू लागतात, नळ्या ओढतात, माणसे ओळखत नाहीत. अचानक येणाऱ्या या भ्रमावस्थेला डेलिरियम म्हणतात. संसर्ग, शरीरातील पाणी व क्षार कमी होणे, काही औषधे, शस्त्रक्रिया अशी तिची कारणे असतात. ती गंभीर असते आणि तत्काळ डॉक्टरांच्या कानावर घालावी लागते.

ती काही प्रमाणात टाळता येते. अमेरिकेत डॉ. शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या दाखल रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला वेळ-दिवसाचे भान देत राहणे, झोप जपणे, चालते ठेवणे, चष्मा व श्रवणयंत्र देणे, पुरेसे पाणी पाजणे अशी काळजी घेतलेल्या गटात डेलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के राहिले, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ते १५ टक्के होते. म्हणून डॉक्टर आणि परिचारिका यांची परवानगी घेऊन पलंगावरून दिसेल असे मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि तारखेचा कागद लावा. शक्य असेल तर ओळखीचे मनगटी घड्याळ भेटीच्या वेळी हातात द्या. ज्या हाताला सलाइन आहे, त्या हातावर मात्र ते बांधू नका.

"माझे घड्याळ चोरले!"

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्ती आवडती वस्तू जपून ठेवतात, कोठे ठेवली ते विसरतात आणि मग ती चोरीला गेल्याचा त्यांना ठाम विश्वास बसतो. आरोप बहुधा सर्वांत जवळ असणाऱ्यावर येतो. कधी तो सुनेवर असतो, कधी दिवसभर सेवा करणाऱ्या मदतनीस बाईंवर. यातून घरात भांडणे होतात, चांगली माणसे काम सोडून जातात. वाचकहो, हा आजाराचा भाग आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आणि मदतनीस बाईंनाही आधीच सांगून ठेवा. "चोरले नाही हो, तुम्हीच विसरलात," असा वाद घालू नका. "चला, आपण दोघे मिळून शोधू," म्हणा. उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागची जागा, जुन्या पिशव्या अशी नेहमीची ठिकाणे पाहून ठेवा. तसेच दिसणारे एखादे साधे घड्याळ आणून ठेवले तर पुष्कळ उपयोग होतो. मूळ घड्याळ मग सुरक्षित ठेवता येते.

जपणे वेगळे, साठवणे वेगळे

काही वाचक विचारतील, की मग आजी-आजोबा सगळेच जपतात, त्याचे काय? रद्दी, रिकाम्या बाटल्या, फाटक्या पिशव्या यांनी खोली भरून पलंगापर्यंत जाता येत नसेल, काही टाकायचे म्हटले की तीव्र त्रास होत असेल, तर तो संचयाचा विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. संग्राहकाचे तसे नसते. त्याच्या वस्तू निवडलेल्या, नीट ठेवलेल्या असतात, तो त्यांच्याविषयी आनंदाने बोलतो आणि घरातल्यांची वाट अडत नाही. पहिल्या प्रकारात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दुसऱ्या प्रकारात शेजारी बसून ऐकावे.

सुरक्षिततेसाठी काही सूचना

• डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केलेला असेल, तर त्या हातावर घड्याळ कधीही बांधू नये. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातावर घट्ट पट्टा नको.

• वयानुसार त्वचा पातळ होते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर धातूच्या पट्ट्याने चटकन काळे-निळे डाग पडतात. कापडी किंवा मऊ चामडी पट्टा बरा. झोपताना घड्याळ काढून ठेवावे.

• पट्ट्याखाली खाज, लाली, पुरळ आल्यास ती निकेल धातूची अ‍ॅलर्जी असू शकते. घड्याळ काढावे, जागा कोरडी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

• अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक तबकडीला आपण 'रेडियमची' म्हणतो. पण फार जुन्या, साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या काही घड्याळांत खरोखरच रेडियम असते. चमक गेली तरी रेडियम संपलेले नसते. अशा घड्याळाची काच घरी उघडू नये, तबकडी खरवडू नये.

• घड्याळातून काढलेले बटणासारखे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने सेल गिळला, असा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, तडक रुग्णालयात न्या. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो.

• मुलांनी हौसेने आणलेले स्मार्टवॉच वापरायला हरकत नाही. ते एका हातावर आणि जुने घड्याळ दुसऱ्या हातावर असले तरी बिघडत नाही. मात्र स्मार्टवॉचला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. पेसमेकर असल्यास मोबाइल आणि स्मार्टवॉच छातीपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावे.

पुढे कोणाकडे?

हा प्रश्न टाळला जातो, आणि नंतर तोच भावंडांत कटुता आणतो. सदनिकेच्या कागदपत्रांवर न भांडलेली भावंडे वडिलांच्या घड्याळावरून अबोला धरतात, हे मी पाहिले आहे. ज्येष्ठांना माझी विनंती आहे, की घड्याळ कोणाला द्यायचे ते स्वतःच ठरवा आणि सर्वांसमोर सांगा. मृत्युपत्र करत असाल तर त्यात एक ओळ लिहा. शक्य असेल तर आपल्या हातानेच देऊन टाका. घड्याळ न विकणाऱ्या माणसाला ते देताना मात्र आनंद होतो, असा माझा अनुभव आहे.

मुलांना आणि काळजीवाहकांना दुसरी विनंती आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले, की म्हातारपणी भूतकाळाकडे वळून पाहणे ही स्वाभाविक प्रक्रिया आहे, तिला भरकटलेपण समजू नये. आठवणी काढायला वस्तू हाती असली की बोलणे सोपे होते. या आठवड्यात अर्धा तास काढा. आई-बाबांच्या शेजारी बसा, घड्याळ त्यांच्या हातात द्या आणि विचारा, हे कोणी दिले? त्या दिवशी कोण कोण होते? किती पैसे पडले? कोठे कोठे बरोबर नेले? सांगतील ते त्यांच्याच शब्दांत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा किंवा एका कागदावर लिहून डबीत ठेवा.

घड्याळ बंद असेल तर ओळखीच्या घड्याळजींकडे दाखवा. ते चालू झाले तर उत्तमच. सुटा भाग न मिळाल्याने ते दुरुस्त झाले नाही, तरी डबीसह परत त्याच जागी ठेवा आणि ठेवल्याचे त्यांना दाखवा. आणि जाता जाता पट्ट्याचे भोक कितवे आहे, तेवढे पाहून घ्या.